थर्मासचं झाकण आणि दोन मेनफ्रेम

आदरणीय वन्सं,

भावजयीचा नमस्कार. तुमच्या गुडघ्यांची चौकशी वेगळी करते, कारण हल्ली ते तुमचंही ऐकत नाहीत असं कळलं. इथे सगळं ठीक. तुमचे बंधुराज निवृत्त झाल्यापासून खुर्चीत ठीक आहेत. तुम्ही वृद्धाश्रमात खोली पाहून आलात आणि पुढच्या महिन्यात राहायला जाणार, हेही त्यांच्याकडूनच कळलं. त्याबद्दल मी चकार शब्द लिहिणार नाही. (पूर्वेची खिडकी आहे म्हणे. असेना का.)

लिहितेय ते वेगळ्याच कारणाने. आपल्या ऑफिसातले दोन्ही मेनफ्रेम, आपले ते कपाटाएवढे कॉम्प्युटर, परवा कायमचे बंद केले. जुनी माणसं म्हणून बोलावलं होतं. तुमचं आमंत्रण जुन्या पत्त्यावर गेलं असणार. आठवतंय ना, डाव्या खोलीत माझं मशीन, उजवीकडे तुमचं, आणि मधल्या गारठलेल्या खोलीत दोघींच्या सामाईक डिस्क. माझं मशीन ग्राहकांची फाइल धरून दरांच्या फाइलची वाट बघायचं, तुमचं दर धरून ग्राहकांची. दोघंही हूं की चूं करायची नाहीत, आणि खाली बिलांचा विभाग बोंबलायचा. शेवटी तोडगा तुम्हीच काढलात: चहाच्या थर्मासचं झाकण जिच्या टेबलावर, दोन्ही फायली तिच्या, दुसरीने गप थांबायचं. चहा त्या झाकणातच प्यायचा असल्यामुळे (बाहेर पॅसेजमध्ये, आत बंदी होती) ते फार वेळ कुणी अडवून ठेवत नसे.

आणि एके दिवशी तुम्ही तेच पर्समध्ये घालून घरी गेलात, वर दुसऱ्या दिवशी रजा टाकलीत! साहेब म्हणाले, "अहो बाई, त्याच्या जागी कप ठेवा की." मी म्हटलं, नियम म्हणजे नियम. (तेव्हा मी तशीच होते. अजून आहे, असं हे म्हणतात.) दोन्ही मशीनं थांबवून तडक तुमच्या घरी आले. दार उघडलं ते अर्ध्या गालाला साबण फासलेल्या तुमच्या बंधुराजांनी, आणि आपल्या झाकणात दाढीचं पाणी! मी ओळखदेख नसताना असं झापलं की उरलेला गाल तसाच ठेवून ते झाकण घासायला धावले. पुढच्याच आठवड्यात तुम्ही त्यांचं स्थळ घेऊन आमच्याकडे हजर. जी बाई ऑफिसात कधी टाचणी विसरली नाही, ती झाकण कशी काय घरी नेते, हे मी अजून विचारते आणि तुम्ही अजून विषय बदलता.

परवा तिथल्या इंजिनिअर मुलीने सांगितलं, आता कुणाची पाळी ते सॉफ्टवेअरच ठरवतं, डोळ्याचं पातं लवायच्या आत. मी विचारलं, "मग चहा कधी पिता?" ती हसली. मशीनचे दिवे विझले तेव्हा शेजारी तुम्ही नव्हतात, आणि मला रडू आलं. मशीनसाठी रडते असं समजून त्यांनी मला पाणी आणून दिलं.

बाकी क्षेम. पायऱ्या जपून उतरा.

तुमची भावजय

ता. क. वृद्धाश्रमाच्या व्यवस्थापक बाईंना काल फोन केला होता. सहजच. तुम्ही पहाटे उठून दुसऱ्यांचे पंखे बंद करता आणि चहा बिघडला तर करणाऱ्याला तोंडावर सांगता, एवढंच बोलले. त्यात एक अक्षर खोटं नाही.

आणखी एक ता. क. ती खोली त्यांनी दुसऱ्या कुणाला दिली. आमची मागची खोली मी रिकामी केलीय, बंधुराजांनी झाडून काढली. (खुर्चीतून उठले, वन्सं!) रागवायचं असेल तर सामानासकट येऊन रागवा. या घरात माझ्याशी भांडणारं कुणी उरलेलं नाही.