पूर्वाची बिनब्रेकची गाडी

वारजे, पुणे
खंडेनवमी, २००६

ती. आईस,
संभाजीचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

तुझी नात पूर्वा ल्यूज शिकते. त्यात एका बिनचाकी गाडीवर उताणं झोपून, पाय पुढे करून बर्फावरून घसरायचं असतं. झोपलेलंच असल्याने पडायची भीती नाही. इथे बर्फ नाही, म्हणून गाडीला चाकं लावून कात्रजच्या उतारावर सराव चालतो. कोपर किंचित खरचटलंय, एवढंच.

आज गाडीची पूजा करताना मी चाकांना तेल घातलं. ती ओरडली, "बाबा, आधीच तिला ब्रेक नाही!"

हे मला आजच कळलं.

खऱ्या बर्फावर सरावासाठी ऑस्ट्रियाला जायला तिला माझी संमती हवी होती. कागद देवापुढे ठेवून मी तिला विचारलं, "भीती वाटत नाही?"

"वाटते ना. पण हललं की गाडी भरकटते, म्हणून निश्चल पडून राहते."

मी सही केली. तू रागावली नाहीस ना?

तुझा,
संभाजी