गाडीघराची गळती

२ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. शेजाऱ्याच्या स्कूटरचा कार्बोरेटर तू कसा साफ केलास ते दोन पानं वाचलं आणि शेवटी ता. क. म्हणून काय, तर हृदयाची झडप बदलायची आहे, ऑपरेशन सव्वीस तारखेला आहे, काळजीचं कारण नाही! दादा, ही ता. क. मध्ये घालायची बातमी आहे का? फोन उचलला होता, पण फोनवर तुला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं तू मनाने भरतोस, वर आपणच ओरडतोस. म्हणून ठेवून दिला.

आम्ही येतोय. वहिनी गेल्यापासून तू एकटा आहेस, आणि ऑपरेशनच्या खोलीत जाताना माणसाचं कुणीतरी बाहेर असावं लागतं. तू नको म्हणशील हे गृहीत धरूनच लिहिते आहे. ह्यांचा मणका तुला ठाऊक आहे, आगगाडीत काय नि बसमध्ये काय, तासभरही बसवत नाही, आणि ह्यांना एकटं ठेवून मला निघता येत नाही. तेव्हा आमचं गाडीघरच बरं, नाहीतरी ह्यांच्या मणक्याला त्यातलाच पलंग मानवतो म्हणून आम्ही रात्री तिथेच झोपतो. मी चालवायचं आणि ह्यांनी मागच्या पलंगावर आडवं पडून मला रस्ते सांगायचे, अशी आमची वाटणी कधीचीच झाली आहे. दोन दिवसांचा तर रस्ता.

आता अडचण. गाडी पाणी पिते आहे. रेडिएटरची टाकी भरावी, बाजारापर्यंत जाऊन यावं, की पुन्हा खाली. गाडीखाली मात्र एक थेंब दिसत नाही. मागच्या आठवड्यात चढावर तापमानाचा काटा एकदम लाल खुणेपाशी गेला तेव्हा मी गाडी कडेला घेऊन बंदच केली. काय बघायचं ते सविस्तर लिही. मी स्वतः बघणार आहे.

आणखी एक. हे चोरून गोड खातात असा माझा पक्का संशय आहे. साखर वाढलेली, डॉक्टरांनी बजावलेलं, तरी मागे झोपायच्या भागात सारखा गोड वास येतो. चॉकलेट असावं नाहीतर गोळ्या. सापडू देत, मग बघते.

तुझा लोभ आहेच. तो कमी लपवत जा.

तुझी,
बारकी

---

६ फेब्रुवारी

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद.

एवढं चिडायला काय झालं? डॉक्टर म्हणतात, हल्ली हे रोजचं काम आहे. मी त्यांना विचारलं, जुनी झडप काढल्यावर मला दाखवणार का? आमच्या वर्कशॉपमध्ये बदललेला भाग गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची पद्धत होती, म्हणजे खरंच बदलला याची त्याला खात्री पटते. डॉक्टर हसले, पण हो म्हणाले नाहीत. येण्याचं म्हणशील तर गरज नाही. शेजारी आहे. मी त्याची स्कूटर जन्मभर फुकट दुरुस्त केली, तो एक दिवस दवाखान्यात बसेल.

आता गाडी. पहिली गोष्ट, इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. घाई तुझ्या स्वभावात आहे, म्हणून दोनदा लिहितो : उघडायचं नाही. वाफेने तोंड भाजून घेतलेली माणसं मी पाहिली आहेत. गाडी थंड झाली की झाकणाच्या आतलं रबर बघ, चिरलं असेल तर नवं झाकण घे. मग रेडिएटरचा वरचा आणि खालचा रबरी होज पाइप हाताने दाबून बघ. चांगला पाइप दाबला तर परत फुगतो. पिचपिचीत झाला असेल किंवा दाबताना आत कुरकुरला तर तो गेला. क्लिपांपाशी पांढरट किंवा हिरवट थर दिसला तर तिथून पाणी पाझरून वाळतंय असं समज. शेवटी वॉटर पंपाखाली बोट फिरवून ओल लागते का बघ.

बाजारात गळती बुजवायची पूड मिळते. ती टाकलीस तर माझं तोंड बघायला येऊ नकोस. ती गळतीबरोबर बाकीचंही बुजवते. आणि नळाचं पाणी भरत राहू नकोस, कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवायचा तो हिरवा द्रव, आणि शुद्ध पाणी निम्मं निम्मं.

मेहुण्यांच्या मागे लागू नकोस. या वयात माणसाने एखादी गोळी चघळली तर आभाळ कोसळत नाही.

तुझा शुभचिंतक आणि मोठा भाऊ (हे तू विसरतेस),
दादा

---

१० फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तू लिहिलंस ते सगळं केलं. झाकण नवं आणलं. वरचा पाइप ठणठणीत, खालचा जरा मऊ वाटला म्हणून बदलून घेतला. पेट्रोल पंपामागचा मेकॅनिक आला होता, त्याने सगळ्या क्लिपा आवळल्या, पंपाखाली बॅटरी मारून बघितलं, कोरडं. तो म्हणाला, काकू, पुढे काही नाही, इंजिनच्या आत जात असेल तर मोठं काम निघेल, पंधरा दिवस तरी धरा. दादा, पंधरा दिवस कुठून आणू? सव्वीस तारीख माझ्यासाठी थांबणार आहे का? मला रडूच आलं. तुला ते आवडणार नाही, पण आलं.

त्यात घरात अबोला. मी मागचा पलंग उलटापालटा केला, उशीच्या खोळी काढल्या, ह्यांचे खिसे उलटे केले. काही सापडलं नाही. वास मात्र आहेच, आता चादरींनासुद्धा येतो. हे म्हणतात, मला कसलाच वास येत नाही. येणार कसा, सर्दीने ह्यांचं नाक कधीचंच बाद झालं आहे. पलंगाजवळच्या गालिच्यावर चिकट ओल दिसली, तेव्हा मी म्हटलं, हे बघा, सरबत सांडलंत ना? त्यावर हे जे रुसले ते दोन दिवस माझ्याशी बोलत नाहीत. पाणी हवं असलं तरी ग्लास वाजवतात. थंडी आहे म्हणून गाडी चालवताना आम्ही हीटर लावतो, तर मागच्या काचांवर तेलकट धुकं धरतं. ते पुसायचं कामही मलाच.

इंजिन उघडायला सांगू का, ते उलट टपाली कळव. माझी मती गुंग झाली आहे.

तुझी,
बारकी

---

१४ फेब्रुवारी

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद.

इंजिनला कुणाला हात लावू देऊ नकोस. आणि हे पत्र खाली ठेवून आधी मेहुण्यांची माफी माग.

कूलंटचा वास गोड असतो. तुझ्या चादरींना येतो आहे तो त्याचाच. ती ओल सरबत नाही आणि ते काचांवरचं तेलकट धुकंही धुकं नाही. तुमच्या गाडीत मागच्या पलंगाखाली दुसरा हीटर असणार. इंजिनचं गरम पाणी लांब पाइपांनी मागे जातं, तिथे हवा गरम करतं आणि परत येतं. तो हीटर गळतो आहे. पाणी जमिनीवर पडत नाही, तुमच्या गालिच्यात मुरतं. म्हणून गाडीखाली थेंब नाही.

माझ्या आधी लक्षात यायला हवं होतं. पण मी जन्मभर बसगाड्या दुरुस्त केल्या, आणि आमच्या बसला मागे फक्त भांडणारे प्रवासी असायचे, हीटर कुठला? मेहुण्यांना हीटरचं माहीत असणार, गाडी त्यांनीच पसंत केली. पण तू पत्र लिहिताना त्यांना बोलू दिलं असशील असं वाटत नाही.

आज रात्रीपासून तिथे झोपू नका, खिडक्या उघड्या ठेवा. गालिचा काढून टाक, चादरी वेगळ्या धू. हात साबणाने धुतल्याशिवाय अन्नाला लावू नकोस. ते गोड लागतं पण विष आहे.

जुना हीटर दुरुस्त करत बसू नका, मिळायचाही नाही. मेकॅनिकला सांग, मागे जाणारे दोन्ही पाइप इंजिनपाशीच सोडवून एकमेकांना जोडून टाक, म्हणजे पाणी मागे जाणारच नाही. मग कूलंट भरून, इंजिन चालू ठेवून आतली हवा पूर्ण काढायची. हवा राहिली तर काटा नाचतो. मागे थंडी वाजेल, तिथे जाडी पांघरुणं घ्या.

आणि काम झाल्यावर आठ-दहा दिवस जवळपास चालवून बघ. लगेच लांब निघू नकोस. जुन्या गाडीचा भरवसा नसतो. माझं काय, मी कुठे पळून जात नाही.

मेहुण्यांना माझा नमस्कार आणि सहानुभूती.

दादा

---

१९ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पलंगाखालची फळी उचलली आणि मी कपाळावर हात मारला. आत लोखंडी खोका, त्याच्या कोपऱ्यावर हिरवा थर, आणि खाली ठेवलेल्या दोन रजया चिंब. हे पलंगाच्या कडेला काठी टेकून उभे होते. म्हणाले, इथे हीटर आहे हे मला ठाऊक होतं, पण मला कुणी विचारलंच नाही. मी माफी मागितली. ह्यांनी ती लगेच घेतली नाही, आधी सगळे खिसे पुन्हा एकदा माझ्यासमोर उलटे करून दाखवले आणि मग हसले. तेव्हा मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

मेकॅनिकने पाइप तू सांगितलेस तसे जोडले. हवा काढायला वेळ लागला, बुडबुडे संपता संपेनात. नंतर त्याच चढावर मी दोनदा गाडी नेली, काटा मध्यावरून हलला नाही. रात्रभर उभी ठेवून सकाळी टाकी बघितली, जिथल्या तिथे. काल शेजारच्या गावापर्यंत जाऊन आलो, तरी जिथल्या तिथे.

मी त्या मेकॅनिकला तुझे आठ-दहा दिवस सांगितले. तो म्हणाला, पाणी राहिलं की राहिलं, काकू, एवढे दिवस कशाला? मग मी कॅलेंडर बघितलं. आठ-दहा दिवस चालवून मग निघालो तर आम्ही तुझ्याकडे पोचणार महिना संपताना. दादा, तू हे बरोबर मोजूनच लिहिलंस ना?

आणखी ऐक. मी तुझ्या शेजाऱ्यांना फोन केला. ते म्हणाले, आम्ही तर मुलाकडे निघालोय, महिनाभर नाही, तुमच्या दादांनी सांगितलं की बहीण येणार आहे. त्यांना सांगायचं बहीण येणार आणि मला सांगायचं शेजारी बसेल! म्हणजे त्या दिवशी बाहेरच्या बाकावर कुणीच नाही. हे तू काय ठरवलं होतंस? तू माझा मोठा भाऊ नसतास तर मी काय लिहिलं असतं ते ह्यांना ऐकवलं, तर ह्यांनी कानांवर हात ठेवले.

चोवीसला सकाळी निघतो, पंचवीसला संध्याकाळी तुझ्या दारात. तुला काही कळवायचं असेल तर तोवर पत्र येईल. नको म्हणून कळवायचं असेल तर तिकीट वाया घालवू नकोस.

तुझी,
बारकी

---

२१ फेब्रुवारी

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. हो, मोजूनच लिहिलं होतं. गाडीला एक दिवस पुरतो, हे मला कळत नाही का? ऑपरेशन होऊन जावं, मी उठून बसलेला असावा, मग तुम्ही यावं, असं मनात होतं. उठलो नसतो तर तू त्या बाकावर बसून ते ऐकू नयेस, असंही होतं. एवढंच. रागावू नकोस.

पण शेजारी परवा कुलूप लावून गेले आणि घर फार शांत झालं. मला ऐकू कमी येतं तरी ते कळलं. काल दवाखान्यात कागदावर सही करायची होती. तिथल्या बाईंनी विचारलं, बरोबर कोण आहे? मी म्हटलं, बहीण येते आहे. त्या म्हणाल्या, नक्की का? बारके, मला भीती वाटते. हे मी कुणाला बोललो नाही, तुझी वहिनी असती तर तिलाही बोललो नसतो.

तेव्हा ये. निघताना टाकी बघ, थंड असताना. रस्त्यात काट्यावर लक्ष ठेव. मध्याच्या वर गेला की गाडी बाजूला घे आणि थंड होऊ दे. दोन बाटल्या कूलंट बरोबर ठेव. मेहुण्यांना मागे पांघरूण दे.

मी नोकरीत असताना एकही गाडी रस्त्यात टाकून परत आलो नाही, पाऊस असो, ऊन असो, तिला घेऊनच आलो. पण ही बंद पडली तर दुरुस्त करत बसू नकोस. रस्त्याच्या कडेला सोड, चावीसुद्धा आत राहिली तरी चालेल, मेहुण्यांना मिळेल त्या टॅक्सीत आडवं घाल आणि ये.

तुझी वाट बघत,
दादा