चि. लुईचा जबाब

हर्नडन, २० सप्टेंबर
आलो एकदाचा अमेरिकेत! बेसमेंटची खोली झकास आहे. दार स्वतंत्र, खिडकीत मेपल, वरच्या मजल्यावर घरमालक गिरीशकाका आणि मृणालिनीकाकू. काका रिटायर्ड डॉक्टर, फ्रेंच इतिहासाचं वेड. इथल्या मराठी मंडळाचा दिवाळी अंकही तेच काढतात. थालीपीठ खाऊ घालून त्यांनी माझ्या गळ्यात एक लेख मारला: क्रांतीत सापडलेल्या फ्रान्सच्या युवराजावर. मिठाला जागायला नको? सोमवारी ऑफिस जॉइन करायचंय.

२८ सप्टेंबर
युवराजाचं नाव लुई-चार्ल्स. बाप गिलोटिनवर गेला. मग पोराला आईपासून तोडलं आणि आठव्या वर्षी, म्हणे दारू पाजून, आईविरुद्ध घाणेरडा खोटा जबाब त्याच्या सहीनं लिहून घेतला. दहा दिवसांत आईचं डोकं उडवलं. त्यानंतर तो बोलेनासाच झाला म्हणतात. दहाव्या वर्षी कोठडीत, गुडघे सुजून, मेला. काकांच्या पुस्तकात ती सही आहे, पार ढासळलेली अक्षरं. मी पुस्तक पटकन मिटलं.
इथे तरी खरं लिहावं. निघण्याआधी पुण्यात मीही एक सही करून आलोय. शरयूताईला आईला वृद्धाश्रमात टाकून फ्लॅट मोकळा हवाय. कोर्टात द्यायच्या त्या जबाबात म्हटलंय की आई भ्रमिष्ट आहे, मला मारते. आईनं मला जन्मात चापट मारलेली नाही. मला विमान गाठायचं होतं, वाद नको होता. लाज वाटते स्वतःची. सोळा ऑक्टोबरला सुनावणी आहे, व्हिडिओवर मला विचारतील. तेव्हा खरं सांगून टाकणार. नक्की.

५ ऑक्टोबर
अंक छापून आला आणि फजिती झाली. लग्नपत्रिकेच्या सवयीनं मी लेखभर 'चि. लुई' लिहिलंय! काकूंची हसून मुरकुंडी वळली. गेलेल्याच्या नावाआधी कै. लावतात, एवढंही विसरलास का, म्हणाल्या.
आणि वर: "चिरंजीव म्हणालास ना, आता तो कसला मरतोय!"

८ ऑक्टोबर
दुकानात स्क्रीनवर बोटानं सही केली. उमटलं: लुई चार्ल्स. तीच ढासळलेली अक्षरं. काउंटरवरच्या मुलीनं पावती दिली, बास.

११ ऑक्टोबर
भर दुपारी जिन्याखाली एक पोर बसलंय. गुडघे सुजलेले. काकूंना बोलावून दाखवलं, त्यांना नुसता व्हॅक्यूम क्लीनर दिसला. मला भीतीपेक्षा शरमच जास्त वाटली. त्याला निदान पाजली तरी होती. मी शुद्धीत होतो.

१४ ऑक्टोबर
आईचा फोन. माझा आवाजच फुटेना. जेवलास का, तिनं विचारलं — मग स्वतःच म्हणाली, जेवला असशील. काका म्हणतात घसा स्वच्छ आहे. पोरगं आता पलंगाशी —

१६ ऑक्टोबर, सकाळ
साडेसातला लिंक उघडली. न्यायाधीश, ताई, आई. आई इस्त्रीच्या साडीत. जबाब खरा का, विचारलं. तोंड उघडलं — नुसता वारा. कागद घेतला. 'खोटा' लिहायचं, एवढंच — कॅमेऱ्यापुढे धरला —
'खरा.' खाली सही. माझी. वळणदार, स्वच्छ, माझीच.
वाटलं होतं तो माझा हात धरेल. तो कोपऱ्यात होता — माझ्याकडे पाठ करून — डोळे झाकून —
आईनं चष्मा लावून वाचलं. "बरं, बाळा," म्हणाली. रागावलीसुद्धा नाही —
आई, त्यानं नाही गं — हात माझाच — मीच लि