एकटीला मोठी किटली

१२ जून

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. चार पानं भरलीस आणि मुद्दा शेवटच्या ओळीत. बाई झालीस तरी आडवळण काही सुटलं नाही. मला कळलं ते असं. शिक्षकांचा पगार वाढवायला शिक्षण मंडळ ऑफिसातल्या जागा कमी करणार. त्यात बहुतेक साहेबांच्या हाताखालचे साहेब आणि शेपटाला आमच्या शाळेची शिपाई, म्हणजे मी. आणि तू शिक्षकांच्या वतीने बैठकीला बसणार, हात वर करायचा की नाही ते मला विचारतेस.

अगं, कर की वर! ते साहेब दुसरीकडे खुर्ची शोधतील. मी कुलपं उघडते, घंटा देते, मधल्या सुट्टीत शिक्षकांना किटलीभर चहा देते. त्यावाचून कुणाचं अडत नाही. तुमचा पगार मात्र कधीचा अडलाय. माझ्यासाठी हात खाली ठेवलास तर याद राख.

बाकी ठीक. संध्याकाळी बोलायला भिंत आहे. उलटून बोलत नाही, तुझ्यापेक्षा बरी.

लोभ असू दे. नसला तर पत्र तरी असू दे.

तुझी ताई

२९ जून

ती. ताईस शि. सा. न.

काल ठराव एका मताने पडला. ते मत माझं. अध्यक्षांनी दोनदा विचारलं, पण हात मांडीवरून उचललाच नाही. तू शाळा सोडून लोकांची भांडी घासलीस, म्हणून मी फळ्यापुढे उभी आहे. तुझ्याच पोटावर पाय देऊन पगार कसा घेऊ?

आज शिक्षकांच्या खोलीत माझ्याशी कुणी बोललं नाही. भांडले असते तर बरं वाटलं असतं. डबा वर्गात बसून खाल्ला.

रागावलीस तरी उत्तर दे.

तुझी धाकटी

८ जुलै

चि. धाकटीस आशीर्वाद, पण निम्मेच. उरलेले भेटल्यावर पाठीत घालीन.

मूर्ख मुली, माझं भलं करायला गेलीस आणि काय झालं ते ऐक. शिपाई मावशीच्या, म्हणजे माझ्या, बहिणीने आपला पगार बुडवला, असं इथल्या शिक्षकांत झालंय. आता सगळे घरून थर्मास आणतात. मी रोज किटली भरते आणि रोज मोरीत ओतते. गणिताचे सर एक चमचा साखर जास्त मागायचे, तेही आता मान खाली घालून जातात. त्यांना तरी काय बोलू? त्यांनाही घर आहे.

म्हणून राजीनामा दिला. हेडमास्तरांकडूनच ऑफिसच्या भाषेत लिहून घेतला, खाली सही केली. ठराव पुन्हा येणार आहे म्हणतात. आता तुझ्या हाताला काही बांधलेलं नाही. वर कर.

लोभ आहेच, तो काय राजीनाम्याने जातो?

ताई

३ ऑगस्ट

ती. ताईस शि. सा. न.

केला वर. ठराव झाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मी हात खाली घ्यायला विसरले. शेजारच्या बाईंनी आज त्यांच्या डब्यातलं वाढलं. मला गिळवेना.

ताई, तू इकडे ये. खोली लहान आहे, पण दोघी मावू.

वाट पाहणारी,
धाकटी

११ ऑगस्ट

चि. धाकटीस पुरे आशीर्वाद.

गिळवेना म्हणे! गीळ. फुकट नाही मिळालं ते.

तुझ्याकडे यायचं नाही. दिवसभर तू शाळेत, मी तुझ्या भिंतीशी बोलणार. त्यापेक्षा माझी ओळखीची भिंत बरी. दोन घरची धुणी मिळालीत, भागतं.

शाळेतून निघताना किटली उचलून आणली. विचारलं नाही. कुणी अडवलंही नाही. काल हाताच्या सवयीने भरून ठेवली आणि मग सुचेना, कुणाला देऊ. एक कप प्याले, दुसरा प्याले. तिसऱ्याला साखर जास्त पडली होती.

सुट्टी लागली की ये. एकटीला मोठी होते गं ही.

तुझी ताई