गोगलगायीचा थर्मामीटर

१४ जानेवारी, मंगळवार

कोनात्सु, दोन वर्षांच्या मुलांचा वर्ग. सकाळी दहा वाजता ३७.७. आईला फोन केला. पाळणाघराचा नियम साधा आहे — ताप ३७.५ झाला की नर्सने, म्हणजे मी, फोन करायचा, आणि तासाभरात मूल घरी न्यायचं. परत आणायचं तर औषधाशिवाय पूर्ण चोवीस तास ताप नको.

आई, मिझोगुची बाई, मासळीच्या वड्यांच्या कारखान्यात कामाला. पन्नास मिनिटांत आल्या. डोक्यावर जाळी तशीच, पायात पांढरे रबरी बूट. मुलाबरोबर रोज घरून येणाऱ्या वहीत त्यांनी सकाळचा ताप ३६.४ लिहिला होता.

"सकाळी नव्हता हो, सिस्टर."

असं सगळेच म्हणतात.

१७ जानेवारी, शुक्रवार

कोनात्सु ३७.६. वहीत ३६.५. पुन्हा फोन.

त्सुजी बाईंनी तिच्या कपाळाला हात लावला. "गार लागते गं पोरगी." त्सुजी बाई या वर्गावर एकोणतीस वर्षं आहेत आणि हाताने ताप बघतात. मी म्हटलं, हात हे उपकरण नाही.

"तुझ्या त्या हॉस्पिटलच्या वॉर्डात बाळं काय घड्याळ बघून रडायची का गं, सेगावा?"

वॉर्डात रोज नोंद व्हायची — कोण किती वाजता रडलं त्याचीही.

१८ जानेवारी

सुट्टी. बर्फ. कपडे वाळले नाहीत.

२२ जानेवारी, बुधवार

३७.९. वहीत ३६.४.

नऊ दिवसांत तिसऱ्यांदा. दवाखान्यातून आलेल्या दोन्ही चिठ्ठ्यांवर "विशेष काही नाही". सकाळी नॉर्मल, दहा वाजता चढलेला. याचा एक सरळ अर्थ होतो — ताप उतरवायचं औषध सकाळी सातला द्यायचं, पाळणाघरात सोडायचं, आणि औषधाचा अंमल उतरायच्या आत कामावर पोचायचं. असं करणारे पालक इथेही आहेत. मी दोघांना पकडलंय.

योनेदा बाईंना, म्हणजे आमच्या मुख्य बाईंना, सांगितलं. त्या म्हणाल्या, "विचारून बघा. पण गोड बोलून."

२३ जानेवारी

विचारलं. गोड बोलले की नाही माहीत नाही.

"औषध देऊन आणता का?"

मिझोगुची बाई मुलीच्या बुटाची चेन लावत होत्या. चेन अर्ध्यावर राहिली. "तुम्हाला मूल आहे का, सिस्टर?"

"नाही."

"मग कारखाना तरी बघितलाय का कधी? लाइनवर फोन चालत नाही. ऑफिसातली बाई भोंग्यावरून ओरडते — मिझोगुची, पाळणाघर! अख्खी लाइन वळून बघते. एकतीस तारखेला माझा करार संपतोय. पुढचा द्यायचा की नाही, हे त्याच बाईच्या हातात. आणि मी औषध देऊन आणीन?"

मी म्हटलं, म्हणूनच विचारलं.

हे चुकीचं नव्हतं. पण बोलायला नको होतं.

त्सुजी बाई नंतर चहा ओतता ओतता: "तू माणसांशी बोलतेस की तक्त्याशी?"

२७ जानेवारी, सोमवार

३८.३. थोडं नाक वाहतंय. फोन. त्या आल्या, माझ्याकडे न बघता सही केली, मुलीला पाठीवर बांधलं आणि गेल्या.

त्सुजी बाईंनी आजही हात लावला, पण "गार" म्हणाल्या नाहीत.

३० जानेवारी, गुरुवार

३७.८. फोन करायला हात उचलला तेव्हा दहा वाजून चार मिनिटं. दहा वाजून अकराला केला. सात मिनिटं मी काय करत होते, ते नोंदवहीत नाही.

३१ जानेवारी

करार वाढवला नाही. मिझोगुची बाईंनी दारातच सांगितलं, शांतपणे, जणू बर्फ किती पडलं ते सांगतायत. नगरपालिकेचा नियम असा — आईला काम नसेल तर मुलाला पाळणाघरात जागा नाही. दोन महिन्यांत नवीन काम शोधायचं, नाहीतर मार्चअखेर कोनात्सुची जागा जाते.

"आता भोंगा वाजायचा नाही," त्या म्हणाल्या. "तुमचीही सोय झाली."

४ फेब्रुवारी, मंगळवार

हे सावकाश लिहिते.

आमच्याकडे प्रत्येक मुलाची एक खूण असते — कपाटावर, टॉवेलवर, कपावर. वाचता येत नसलं तरी खूण ओळखतात. कोनात्सुची गोगलगाय. दोन वर्षांपूर्वी उलट्यांची साथ आली तेव्हा मी नियम केला: थर्मामीटरही ज्याचा त्याचा, खुणेसकट. एकाचा दुसऱ्याला लावायचा नाही. नियम माझा. सगळ्यांना पाठ आहे.

आज खेकड्याच्या, म्हणजे र्योहेइच्या थर्मामीटरची बॅटरी संपली. कोनात्सु आज आलेली नाही. तिचा रिकामाच होता. स्पिरिटने पुसून तो लावला — माझाच नियम मी मोडला. ३७.७. र्योहेइ उशांवरून उड्या मारत होता. म्हणून सशाची खूण असलेल्या मुलाचाही लावला. ३७.०.

मग मी माझ्या स्वतःच्या काखेत दोन्ही आलटून पालटून सहा-सहा वेळा लावले. दर वेळी गोगलगाय ०.७ जास्त. एकदाही कमी नाही, एकदाही ०.८ नाही. इतकं इमानदारीने चुकणारं यंत्र मी पाहिलं नव्हतं.

कधीपासून? जुन्या नोंदी काढल्या. कोनात्सुचे आकडे नव्या वर्षाच्या सुट्टीनंतर एकदम वर चढलेत. ताप नसतानाही ३७.३, ३७.४ — रोज काठावर. हे मीच लिहिलंय, माझ्याच अक्षरात. दुसरा थर्मामीटर लावून बघितला असता तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. पण एकाचा दुसऱ्याला लावायचा नाही!

त्सुजी बाईंना सांगितलं. त्या टोमणा मारतील असं वाटलं होतं. त्यांनी नुसता स्वतःचा तळहात बघितला आणि म्हणाल्या, "मीच जोर लावून बोलायला हवं होतं गं."

५ फेब्रुवारी

योनेदा बाई: "जुना टाका, नवा आणा. यापुढे दर महिन्याला सगळे तपासा. झालं."

"आणि मिझोगुची बाई?"

"त्यांना सांगून करार परत येणारे का? उलट गावभर होईल — पाळणाघराचा थर्मामीटर खोटा. मग उद्या कुणाचं पोर खरंच तापलं आणि आई म्हणाली, मी नाही येत, तुमचाच बिघडला असेल. तेव्हा काय कराल?"

मुद्दा बरोबर आहे.

थर्मामीटर टाकला नाही. माझ्या खणात आहे.

६ फेब्रुवारी

काही नाही. सगळे नॉर्मल. मी दोनदा मोजले.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

संध्याकाळी बुटांच्या कपाटापाशी त्यांना सांगितलं. थर्मामीटर दाखवला. सहा वेळा, ०.७, सगळं. माफी मागितली, कमरेत वाकून. वर बघितलं तेव्हा त्या कोनात्सुला टोपी घालत होत्या.

"म्हणजे मी खोटं बोलत नव्हते."

"नव्हता."

"ते मला माहीत होतं, सिस्टर. कळलं तुम्हाला, आत्ता."

कोनात्सु गोगलगाय दाखवून "माझी, माझी" म्हणत होती.

मग त्या म्हणाल्या, "वाकू नका. त्यापेक्षा एक काम करा. वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात जागा आहे. परवा भेटून आले. त्यांनी कारखान्यात फोन केला, तिथून सांगितलं — पोरगी महिन्यात पाच वेळा आजारी. आता ते म्हणतात, पाळणाघराकडून लिहून आणा. मंगळवारपर्यंत."

"काय लिहू?"

"जानेवारीत तिला एकदाही ताप नव्हता. चार ओळी, तुमची सही. एकदा जरी म्हटलं ना, तरी त्यांना पाचच ऐकू येणार." टोपीची नाडी बांधून झाली. "खरं तेच तर लिहायचंय."

मी हो म्हटलं. योनेदा बाईंना विचारलेलं नाही. विचारणारही नाही. कळेल तेव्हा त्या काय करतील याचा अंदाज आहे.

१० फेब्रुवारी, सोमवार

पत्र लिहायच्या आधी तिचे पाचही आकडे घेतले. प्रत्येकातून ०.७ वजा केले. ३७.०. ३६.९. ३७.२. ३७.६. ३७.१.

सत्तावीस तारखेला ताप होता.

पत्रात लिहिलं: जानेवारी महिन्यात ताप — एकदाही नाही. सही केली. शिक्का स्वच्छ उमटला.