थेंबही न घेणाऱ्याचं लिव्हर

८ जानेवारी, कैनाड
सोनोग्राफी झाली. फॅटी लिव्हर, ग्रेड टू. शुगरही वर. डहाणूच्या डॉ.चा पहिला प्रश्न, "किती घेता?" डोकंच फिरलं. उभ्या जन्मात थेंब नाही! ते शांतपणे म्हणाले, "मग खाता काय?" चिकूवाडीतून परतताना रोज भजी, रविवारी फाफडा-जलेबी, भातावर तुपाची धार. सांगता सांगता माझीच मला लाज वाटली. सगळं बंद. रोज चालायचं. आत्ता सावरलं तर लिव्हर सुधारेल, नाही तर कडक होत जाईल म्हणे.

१० जाने.
सौ.ने तळण थांबवलं. आईने वांगी परतली साजूक तुपात. वर मलाच, "तेल नाय ना घातलं?" कुणावर चिडायचं! अर्धं जेवून उठलो.

१५ जाने.
गंजाडला चुलतभावाकडे पंगत. पुरी-भजी नको म्हटलं, तर शेजारचा मोठ्याने, "का रे, लिव्हर का? बॉर्डरवर चकरा वाढल्या वाटतं!" सगळे खो खो. गुजरातेत दारूबंदी, म्हणून पितात पलीकडचे इकडे येऊन, बदनाम आम्ही. समोर वेवजीचे व्याही, म्हणजे आमच्या पोरीचे, प्राचीचे होणारे सासरे. ते हसले नाहीत, नुसते बघत राहिले. तळपायाची आग मस्तकात गेली. सहा पुऱ्या मागून घेतल्या, वर भजी, जिलेबी. बघा, ठणठणीत आहे मी!

१६ जाने.
संध्याकाळी सौ. एवढंच म्हणाली, "लोकांना दाखवायला खाल्लंत. दुखणं कोण काढणार?" तिच्यावरच ओरडलो. गाढव आहे मी.

२२ एप्रिल
पुन्हा तपासणी. चालणं एक दिवस चुकलं नाही, पण लग्नसराईत प्रत्येक पंगतीला कुणीतरी बघत होतं, आणि मी जेवत होतो. लिव्हर कडक व्हायला लागलंय. डॉ. चिडले. "अजून मागे फिरता येईल. पण कधी फिरणार?"

२३ एप्रिल
उद्या वेवजीला साखरपुडा. व्याह्यांचा फोन, "तुमच्यासाठी खास बासुंदी-पुरी." म्हटलं, "एक सांगायचं होतं..." तेवढ्यात आई आतून ओरडली, "लिव्हरचं काढू नको हां, पोरीचं लगीन हाय!" तिकडे ऐकू गेलंच. व्याही एवढंच म्हणाले, "उद्या या. समोरासमोर बोलू."
सांगितलं तर बेवडा समजतील, कदाचित पोरीचं स्थळ जाईल. नाही सांगितलं तर पुन्हा पुऱ्या. प्राची उद्याची साडी इस्त्री करतेय. तिला या फोनचं अजून काहीच माहीत नाही.