ओले फडके निर्दोष असल्याबाबत

प्रति,
मा. मुख्य ग्रंथपाल,
सार्वजनिक वाचनालय, पहिला मजला.

विषय : वाचनकक्षातील संगणकांचे वायरलेस बंद पडल्यावरून सफाईच्या मावशींना कामावरून कमी केल्याचा आदेश मागे घेण्याबाबत.

संदर्भ : आपला तोंडी आदेश, "उद्यापासून त्यांना येऊ नका म्हणावं." (हा आदेश मावशींपर्यंत अर्जदारानेच पोचवला.)

महोदय,

१. अर्जदार हा वाचनालयातील संगणकांची देखभाल करतो. हाताखाली कोणी नसल्याने चुकाही त्याला स्वतःच कराव्या लागतात. गेल्या महिन्यात त्याने वाचनकक्षातील सर्व संगणकांवर लिनक्स या कार्यप्रणालीची नवी आवृत्ती चढवली. डिस्क भरत आली होती, म्हणून "जे लागत नाही ते काढून टाक" अशा अर्थाची आज्ञा दिली व काय काय जाणार आहे ते न वाचताच होकार दाबला. जुन्या आवृत्तीबरोबर वायरलेस कार्डाचे ड्रायव्हर मॉड्यूल, म्हणजे ते कार्ड चालवणारा छोटा प्रोग्रामही गेला. गाडी दारात उभी आणि चालवणाराच घरी पाठवलेला, अशी अवस्था झाली.

२. त्याच सकाळी मावशींनी ओल्या फडक्याने वाचनकक्षातील संगणक पुसले होते. आपली केबिन कुलपात असल्याने तेथील संगणक पुसायचा राहिला, आणि नेमके त्याचेच नेट चालू राहिले. (त्याला वायर आहे.) आपण विचारलेत, "पाण्यानं असं होतं का?" अर्जदार म्हणाला, "पाणी आत गेलं तर काहीही होऊ शकतं, साहेब." हे वाक्य शास्त्राला धरून आहे. अर्जदाराला त्याची लाज वाटते.

३. तेव्हा खरे कारण ठाऊक नव्हते, असे येथे लिहिण्याचा मोह होतो. परंतु तोवर अर्जदाराने तपासणी केली होती. कार्ड संगणकाने दाखवलेल्या भागांच्या यादीत धडधडीत दिसत होते, आणि मॉड्यूल मागितले की "सापडत नाही" असे उत्तर येत होते. पाण्याने मॉड्यूल वाहून जात नाही.

४. आदेश ऐकून मावशी म्हणाल्या, "दादा, माझ्यामुळं तुमचं काम वाढलं. राग धरू नका हं." अर्जदार म्हणाला, "नाही धरत." म्हणजे त्यांनी न केलेल्या अपराधाची माफीही त्यानेच वरून देऊन टाकली. त्यांच्या घरात कमावणाऱ्या त्या एकट्याच आहेत, हे त्याला माहीत होते.

५. दुसऱ्या दिवशी अर्जदाराने मॉड्यूल पेन ड्राइव्हवर आणून बसवले. वायरलेस सुरू झाले की प्रकरण आपोआप मिटेल, असा त्याचा सोयीस्कर समज होता. झाले भलतेच. आपण समाधानाने म्हणालात, "बघा, फडकं थांबलं आणि नेट आलं!" सर्व कर्मचाऱ्यांनी मान डोलावली. अर्जदारानेही डोलावली. चोर सोडून संन्याशाला फाशी असे म्हणतात. येथे तर दोरही चोरानेच वळून दिला.

६. तेव्हापासून संगणकांवर धूळ साचली आहे. मावशींचे फडके कालपर्यंत खिडकीच्या गजावर तसेच होते, आणि ते अर्जदाराच्या खुर्चीसमोरच येई. त्याने खुर्ची फिरवून पाहिली. पाठीला ते जास्तच जाणवले.

७. सबब विनंती की, मावशींना सन्मानाने परत बोलवावे. त्यांनी आपल्यासमोर तेच फडके ओले करून सर्व संगणक पुसावेत. वायरलेस चालूच राहील. मग अर्जदार सर्वांसमक्ष ते मॉड्यूल काढून दाखवील. वायरलेस बंद पडेल. त्यावर आपण अर्जदाराबाबत जो आदेश द्याल, तो त्याच्यापर्यंत मावशींनी पोचवावा.

अर्जदार तेव्हा "राग धरू नका" असे म्हणणार नाही. त्यांनी धरावा.

आपला नम्र, आणि मावशींचा अपराधी,
(सही)
वाचनालयाचा संगणकवाला

तारीख : आजची, म्हणजे उशिराचीच.

सोबत :
१. मॉड्यूल असलेला पेन ड्राइव्ह.
२. फडके, अर्जदाराने स्वतः धुतलेले.